सोडून दिलेली कुत्री : उचलल्यानंतर पुढे काय? नागपूरकरांनो, अनुभव लिहा

बेसारोडकर

नमस्कार मंडळी. मार्च संपत आला की आमच्या ग्रुपचे फोन वाजायला लागतात आणि ते पाऊस पडेपर्यंत थांबत नाहीत. परीक्षा संपल्या, बदली झाली, भाड्याचं घर बदललं, गावी लग्नाला महिनाभर जायचंय, कारणं ठरलेली. कुत्रं गाडीत घालतात आणि आउटर रिंग रोडला, हिंगणा एमआयडीसीत, नाहीतर शिवमडक्याला समृद्धी सुरू होतो तिकडे एखाद्या ढाब्याजवळ सोडून येतात. ढाबा मुद्दाम बघतात, म्हणजे खायला तरी मिळेल असं मनाचं समाधान. अहो पण घरात वाटीत खाऊन वाढलेल्या कुत्र्याला उष्टं हुडकून खाणं माहीतच नसतं, आणि तिथली जी मूळची टोळी असते ती त्याला खरकट्यापर्यंत पोचू देत नाही. दोनतीन दिवसांत चावे, मग जखमेत किडे, मग गाडीखाली येणं. सोडून देणं म्हणजे मोकळं करणं नव्हे हे लोकांच्या डोक्यात का शिरत नाही कळत नाही.

आम्ही मनीष नगर, बेसा, नरेंद्र नगर या पट्ट्यातले काही जण आहोत, संस्था वगैरे नाही, सगळे नोकरीधंदा सांभाळून करून राहिले. शेल्टर नाही, कोणाची गच्चीवरची खोली, कोणाचं पोर्च, कोणाचं बंद पडलेलं दुकान, यावर चालतं.

एक उदाहरण सांगतो. अमरावती रोडला वाडीच्या पुढे एक लॅब मादी मिळाली. आचळं लोंबलेली, कोपरांवर सिमेंटवर पडून पडून टणक घट्टे, आणि नखं इतकी वाढलेली की दोन नखं वळून पंजाच्या गादीत रुतून बसली होती. घरी आणली तर फरशीवर पायच टाकेना, थरथरत भिंतीला चिकटून उभी. मग पोती अंथरली तर या पोत्यावरून त्या पोत्यावर अशी जायची, मधली फरशी ओलांडताना चारही पाय फाकायचे. जिना तिने आयुष्यात पाहिलेला नव्हता. डॉक्टर म्हणाले सहासात वर्षांची असेल, भरपूर वेळा व्यायलेली आहे, आणि गर्भाशयात पू झालाय. याला पायोमेट्रा म्हणतात, नसबंदी न केलेल्या माद्यांना उतारवयात होतो, खूप पाणी पिते, खाणं सोडते, कधी खालून घाण वास येणारा स्राव तर कधी काहीच दिसत नाही, आणि वेळेत ऑपरेशन नाही झालं तर जाते. त्याच रात्री ऑपरेशन केलं. पिल्लं काढून विकणाऱ्याकडची होती हे उघड होतं. पिल्लं द्यायची बंद झाली की अशा माद्या रस्त्यावर येतात, लॅब, पग, शित्झू, हस्की सगळ्या.

आता मुद्द्यावर येतो, ज्यासाठी हा धागा काढला. तिचा फोटो ग्रुपवर टाकला आणि एका दिवसात फोनची रांग लागली. निम्म्या लोकांचा पहिला प्रश्न "नसबंदी झाली का?" आणि हो म्हटलं की फोन कट. म्हणजे त्यांना कुत्री नको होती, पिल्लं हवी होती. उरलेल्यांपैकी कोणाला फार्महाऊसवर राखणीला हवी, कोणाला पोराच्या वाढदिवसाला सरप्राइज द्यायचंय. आणि त्याच आठवड्यात आमच्याकडे इतवारीत पोत्यात बांधून टाकलेली देशी पिल्लं होती, त्यातल्या काळ्या पोरींसाठी एकही फोन नाही.

कुत्रं उचलायला माणसं मिळतात हो. व्हिडिओ काढायला तर खूपच मिळतात. पण ते घरी जाऊन वर्षभर तिथेच टिकलं का, हे बघायला कोणी नसतं, आणि माझ्या मते खरं काम तेच आहे. घाईने दिलेलं कुत्रं पुन्हा रस्त्यावर येतं, आणि दुसऱ्यांदा टाकलेलं कुत्रं माणसावर लवकर भरवसा ठेवत नाही. त्यामुळे आम्ही काही गोष्टी पक्क्या केल्यात. आल्याबरोबर फोटो टाकत नाही, आधी तपासणी, लस, नसबंदी, आणि त्या काळात त्याचा स्वभाव बघतो, पोरांशी कसं आहे, मांजरीशी कसं आहे, एकटं ठेवलं तर काय करतं. घर बघितल्याशिवाय देत नाही. भाड्याचं घर असेल तर घरमालकाशी बोलतो. घरातल्या सगळ्यांना भेटतो, विशेष करून त्या व्यक्तीला जिच्यावर शी-शू साफ करायची वेळ येणार आहे, कारण हौस एकाची असते आणि काम दुसऱ्याच्या गळ्यात पडतं. आणि साध्या कागदावर लिहून घेतो की नाही जमलं तर परस्पर कोणाला द्यायचं नाही, आमच्याकडेच आणून द्यायचं, कधीही, कितीही वर्षांनी, आम्ही एक शब्द बोलणार नाही.

लॅबला शेवटी एका रिटायर्ड जोडप्याने नेलं, तळमजल्याचं घर, घरभर सतरंज्या घालून ठेवल्यात तिच्यासाठी. तुमचे अनुभव लिहा. चांगले वाईट दोन्ही.


जरीपटका_एक्स्प्रेस

भाऊ एकदम मनातलं लिहिलं. आमच्या गल्लीत तर कोणी कुत्रं सोडलं की पहिले लोकेशन टाकतात ग्रुपवर, खाली पन्नास जण हात जोडलेले चिन्ह टाकतात, आणि जाऊन पाहणारा एक बी नसते. तुम्ही फोन करून विचाराल का हो दादा तिथंच थांबा आम्ही येऊन राहिलो, त्याले पाणी द्या, तर म्हणते मी आता ऑफिसात आहे. मग आपण पोचेपर्यंत कुत्रं कुठच्या कुठं गेलेलं. माही एकच विनंती आहे सगळ्याइले, लोकेशन टाकाल तर तिथं उभे राहा. एवढंच करा, बाकी आम्ही करतो.


निंबोळी

मला एक विचारायचं आहे, अर्जंट आहे. आमच्या स्कीममधे एका फ्लॅटच्या लोकांनी जर्मन शेफर्ड गच्चीवर बांधून ठेवला आहे आणि ते स्वतः पुण्याला शिफ्ट झाले. कामवाल्या ताई दिवसातून एकदा पोळ्या टाकून जातात. सावली म्हणून एक फ्लेक्स बांधलाय तो पण फाटला. दुपारी त्याच्या हाफण्याचा आवाज आमच्या बेडरूमपर्यंत येतो. फोन केला तर मालक म्हणतात घेऊन जाऊ लवकरच. सेक्रेटरी म्हणतात आपला काय संबंध. काय करू? पोलिसात गेलं तर काही होतं का?


बेसारोडकर

निंबोळी ताई, आधी आज दुपारचं बघा. सेक्रेटरींकडून गच्चीची किल्ली घ्या, मोठं पसरट भांडं भरून पाणी, ओलं पोतं, आणि पाण्याच्या टाकीच्या सावलीत जागा असेल तर साखळी तिकडे. कुत्र्याच्या अगदी जवळ एकदम जाऊ नका, बांधलेलं शेफर्ड घाबरून चावू शकतं, त्या कामवाल्या ताईंना सोबत घ्या, त्यांना तो ओळखतो.

कायद्याचं म्हणाल तर १९६० चा प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा आहे, त्याचं कलम ११. मालकाने पुरेसं अन्नपाणी आणि निवारा न देणं, अवाजवी वेळ साखळीने बांधून ठेवणं, उपाशीतापाशी पडेल अशा स्थितीत सोडून देणं, तिन्ही गुन्हे त्यात आहेत. पण शिक्षा वाचली की रडू येतं, पहिल्या गुन्ह्याला १० ते ५० रुपये दंड. हो, रुपये. तीन वर्षांच्या आत परत केला तर २५ ते १०० रुपये किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. १९६० साली ५० रुपये मोठी रक्कम होती, त्यानंतर कोणी आकडा बदललाच नाही. प्राण्याला विष घालणं, मारणं, अपंग करणं याला मात्र भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ खाली पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे, पण तुमची केस त्यात बसत नाही.

तरीसुद्धा लेखी तक्रार द्या. दंडासाठी नाही, कागदासाठी. रोजचे तारखेसकट फोटो काढा, मालकांना व्हॉट्सअॅपवर लिहा की अमुक दिवसात न्या नाहीतर मालकी सोडतो असं लिहून द्या. बहुतेक लोक पोलिसांचं नाव काढलं की पटकन लिहून देतात, आणि आपल्याला तेच हवं असतं. लिहून न घेता कुत्रं उचललं तर उद्या तेच लोक चोरीची तक्रार करतील. मी व्यनि (खाजगी निरोप) करतो, आमच्यातले एक वकील आहेत ते मसुदा देतील.


सदरची_काकू

निंबोळी, मी सदरला आहे, कधीही फोन कर, संध्याकाळी गच्चीवर यायला मी तयार आहे. शेफर्ड आम्ही घरी पाळलेत.


पशुवैद्य

मी व्हेटर्नरी डॉक्टर आहे, सेमिनरी हिल्सच्या कॉलेजातून शिकलो, आता प्रॅक्टिस करतो. धागा चांगला आहे म्हणून लिहून राहिलो. लोक प्रेमाने कुत्रं घरी नेतात आणि पहिल्या दोन आठवड्यांत जे करायचं ते करत नाहीत, त्यात जीव जातात.

पहिली गोष्ट, नवीन आलेलं कुत्रं, विशेषतः पिल्लू, घरातल्या कुत्र्यांपासून किमान १४ दिवस वेगळं. भांडी वेगळी, चपला वेगळ्या. पार्व्हो आणि डिस्टेम्पर हे दोन आजार पिल्लांचा फडशा पाडतात. पार्व्होत पिल्लू आधी सुस्त होतं, खात नाही, मग उलट्या, मग घाण वासाची रक्ताची जुलाब. पिल्लू जुलाबाने कोरडं पडून मरतं, म्हणून सलाईन वेळेत लागणं हाच मुख्य उपचार आहे, विषाणूवर थेट औषध सहसा मिळत नाही. घरी दही भात, ओआरएस, बडीशेपेचं पाणी करत दोन दिवस घालवू नका. आणि हा विषाणू जमिनीत, फरशीच्या फटीत कितीतरी महिने जिवंत राहतो. फिनेलने मरत नाही. ब्लीच लागतं, एक भाग ब्लीच तीस भाग पाणी, आधी घाण साफ करून मग, आणि दहा मिनिटं ओलं राहू द्यायचं. ज्या खोलीत पार्व्होचं पिल्लू गेलं तिथे लस पूर्ण न झालेलं दुसरं पिल्लू ठेवू नका, लोक हे ऐकत नाहीत आणि महिन्याभराने तेच घेऊन माझ्याकडे येतात.

डिस्टेम्परमधे नाकडोळ्यांतून चिकट पू, खोकला, पंजाच्या गाद्या कडक होणं, आणि पुढे मेंदूवर गेलं तर जबडा च्युइंगम चघळल्यासारखा हलतो, पाय झटके देतो. त्यातून वाचलेल्या कुत्र्याला आयुष्यभर पायाचा झटका राहू शकतो पण ते मजेत जगतं, असे कुत्रे बघितलेत मी, त्यांना घर द्या.

लस सहा ते आठ आठवड्यांपासून, मग तीनचार आठवड्यांच्या अंतराने बूस्टर, साधारण १६ आठवड्यांचं होईपर्यंत. रेबीजची तीन महिन्यांच्या सुमारास. पहिली लस दिली म्हणजे झालं असं नसतं.

मोठी कुत्री रस्त्यावरून आली की गोचिडांमुळे होणारा ताप तपासा. नाकातून रक्त, पांढऱ्या हिरड्या, अंगावर लाल ठिपके दिसले तर आधी रक्ततपासणी. एर्लिकिया (गोचिडांतून येणारा जंतू) निघालं तर डॉक्सीसायक्लीन साधारण चार आठवडे पूर्ण द्यावी लागते, आठ दिवसांत कुत्रं उड्या मारायला लागतं आणि लोक गोळ्या बंद करतात. किड्यांच्या जखमेत पेट्रोल, रॉकेल, फिनेल ओतू नका, कातडी जळते.

आणि नागपूरचा उन्हाळा. ४५ च्या वर पारा गेला की हस्की आणि पग यांचे मालक रडत येतात. पगचं नाकच चपटं, त्याला हाफून अंग नीट थंड करता येत नाही. कुत्र्याचं नेहमीचं तापमान १०१ ते १०२.५ फॅरनहाइट, ते १०५ च्या वर गेलं, लाळ घट्ट झाली, हिरड्या विटकरी लाल, पाय लटपटले की उष्माघात. साध्या नळाच्या पाण्याने भिजवा, पोट, बगला, पंजे, पंखा लावा, आणि निघा. भिजवायला बर्फाचं पाणी घेऊ नका. भिजवत भिजवत आणा, आधी आणून मग भिजवू असं नाही.


महालातला

सगळ्यांच्या भावनांचा आदर आहे, पण दुसरी बाजू पण लिहितो, राग मानू नका. माझ्या पुतण्याला गल्लीतल्या कुत्र्याने पोटरीला धरलं, सगळी इंजेक्शनं घ्यावी लागली, पोरगं अजून सायकलवर बाहेर जात नाही. आमच्याकडे रात्री दुकान बंद करून येताना गाडीमागे टोळी लागते. तुम्ही लोक कुत्री वाचवता, ठीक, पण ती परत आमच्याच गल्लीत सोडता. सुप्रीम कोर्टाने पण म्हटलं ना उचला म्हणून. मग?


बेसारोडकर

महालातला, राग कशाला. लहान पोरगं घाबरलंय हे खरं दुःख आहे आणि त्यावर कोणी "कुत्री काही करत नाहीत" असं म्हणत असेल तर ते चूक. एक आधी, पुढच्या वेळी कोणालाही चावलं तर जखम ताबडतोब वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं धुवा, हळद, तिखट, चुना काही नाही, आणि दवाखान्यात. जखमेतून रक्त आलं असेल तर लसीबरोबर जखमेत द्यायचं सीरम पण लागतं, ते मागून घ्या. लसीचे सगळे डोस पूर्ण. रेबीजची लक्षणं दिसल्यावर माणूस वाचणं जवळपास अशक्य.

आता कोर्टाचं, कारण यात खूप गोंधळ आहे. ११ ऑगस्ट २०२५ चा आदेश दिल्ली आणि आसपासच्या भागासाठी होता, सगळी कुत्री शेल्टरमधे टाका म्हणून. २२ ऑगस्टला तीन न्यायाधीशांनी तो बदलला, नसबंदी आणि लस करून मूळ जागी सोडा, रेबीज झालेली किंवा आक्रमक सोडू नका, आणि खायला ठरलेल्या जागीच घाला. मग ७ नोव्हेंबर २०२५ ला शाळा कॉलेज, दवाखाने, क्रीडा संकुलं, बसस्टँड, रेल्वे स्टेशन यांच्या आवारातली कुत्री हलवून परत तिथे न सोडण्याचा आदेश आला. पण गल्लीतली सगळी कुत्री सरसकट उचला असं त्या आदेशात नाही. आपल्या नागपूर खंडपीठाने ऑक्टोबर २०२२ मधे म्हटलं होतं की ज्यांना खायला घालायचं त्यांनी दत्तक घेऊन घरी न्या, त्याला सुप्रीम कोर्टाने पुढच्याच महिन्यात स्थगिती दिली. मूळ जागी सोडण्याचा नियम २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांत आहे, आणि त्यामागे कारण आहे. एका गल्लीतली लस झालेली, नसबंदीची खूण म्हणून कान कापलेली कुत्री हलवली की ती जागा रिकामी राहत नाही, बाहेरची लस न झालेली येतात. महालात तर खाणावळी, मटणाची दुकानं, कचरा, त्यांना बोलवायची गरजच नाही.

पण मी जे लिहून राहिलो ते गल्लीत जन्मलेल्या कुत्र्याबद्दल नाहीच. घरचं कुत्रं आणून गल्लीत टाकतात तेव्हा काय होतं? टोळीत भांडणं, नसबंदी नसेल तर माजावर आलेल्या एका मादीमागे दहा नर, तेव्हाच चावे वाढतात. तुम्ही आणि आम्ही इथे एकाच बाजूला आहोत असं मला वाटतं. पुतण्याला चावलेल्या कुत्र्याचा कान कापलेला आहे का ते बघाल? नसेल तर सांगा, नसबंदीसाठी कसं पकडवायचं ते मी मदत करतो.


महालातला

बघतो. कान कापलेला नाही बहुतेक. व्यनि करतो.


त्रिकोणी_पार्क

मी दत्तक घेणाऱ्यांच्या बाजूने लिहिते, कारण आम्हाला कोणी खरं सांगत नाही. आम्ही काळी देशी मादी घेतली, अडीच महिन्यांची. पहिले काही आठवडे मला वाटायचं आपण हे काय करून बसलो. रात्री रडायची, चपला, चार्जर, सासूबाईंची जपमाळ सगळं चावलं, रोज पहाटे पुसणं. सासूबाईंचं देवघर सोवळ्यातलं, त्यांचा पहिल्यापासून विरोध होता, घरात दोन दिवस कोणी कोणाशी बोललं नाही. ज्या ताईंकडून घेतली त्या मात्र रोज फोन करायच्या, ओरडू नका, एका खोलीपुरतंच मोकळं सोडा, झोपून उठली की, खाल्लं की, खेळून झालं की लगेच बाहेर न्या, बाहेर केलं की तिथल्या तिथे खाऊ द्या. इतकं साधं होतं पण मला माहीत नव्हतं. त्यांचा फोन नसता तर मी परत दिली असती हे नक्की.

सहा महिन्यांची होईपर्यंत ती माणसात आली आणि माणसं तिच्यात आली. मे महिन्यात कूलर लावला की सगळ्यात आधी ती समोर पसरते, सासूबाईंची खुर्ची मागे आणि हिची जागा पुढे, आणि हे सासूबाईंनीच ठरवलंय.

बाकी नवीन लोकांना एक सांगते, दिवाळीच्या आधी गळ्यात पट्टा आणि पट्ट्यावर फोन नंबर हवाच हवा. फटाक्यांच्या आवाजाने घाबरून दारातून सुटलेली कुत्री तीनचार किलोमीटर पळतात. आमच्या ओळखीतलं एक धरमपेठेतून पळालेलं फुटाळ्याला सापडलं ते फक्त पट्ट्यावरच्या नंबरमुळे.


ओली_माती

हे वाचून बरं वाटलं आणि वाईट पण. मी फॉस्टर करते, म्हणजे कायमचं घर मिळेपर्यंत घरी सांभाळते, मागे हुडकेश्वरकडची पाच पिल्लं घेतली होती, डोळे नुकतेच उघडलेले, आई गाडीखाली गेली होती. दर तीन तासांनी बाटली, ओल्या कापसाने पुसून शू करवणं कारण एवढ्या लहानांना स्वतःहून होत नाही, आई चाटते तेव्हा होते. गाईचं दूध देऊ नका, पिल्लांसाठीचं वेगळं पावडर मिळतं. सगळं करून मोठी केली, लसीची तारीख जवळ आली आणि पार्व्हो लागला. दोन वाचली. ज्या दिवशी शेवटचं गेलं त्या दिवशी एका ओळखीच्या बाईंचा मेसेज, "एवढंच होतं तर नेलीच कशाला." मी तेव्हापासून फोन उचलणं बंद केलं होतं. आता परत सुरू करावं असं वाटतंय पण भीती वाटते.


पशुवैद्य

ओली_माती ताई, आई नसलेल्या, चीक मिळाला की नाही माहीत नसलेल्या पिल्लांत पाचातली दोन वाचणं हे तुमच्या रात्री जागण्याचं फळ आहे, हे मी डॉक्टर म्हणून सांगतो. त्या बाईंचं मनावर घेऊ नका. सुरू करायचं असेल तर सध्या पिल्लं नको, मोठं कुत्रं घ्या, लस झालेलं. तुमच्या घरात पार्व्हो होऊन गेलाय, मोठ्या कुत्र्याला त्याची तेवढी भीती नाही.


सदरची_काकू

ओली, मला सगळ्यात जास्त राग येतो तो या "कशाला" वाल्यांचा. आणि पैशाचं पण कोणी बोलत नाही म्हणून मी बोलते. एका पार्व्होच्या पिल्लाचं सलाईन, इंजेक्शन, आठवडाभर, हजारोंत जातं, मोडलेल्या पायात रॉड टाकायचा तर विचारूच नका. दवाखान्यात फॉस्टर करणाऱ्या पोरींची उधारी असते, पगारातून फेडतात बिचाऱ्या. जे लोक म्हणतात आमच्याकडे जागा नाही, वेळ नाही, त्यांनी दवाखान्यात जाऊन थेट बिलाचे पैसे भरावे. कोणाच्या हातात द्यायचे नसतील तर नका देऊ, काउंटरवर भरा, पावती घ्या.


संत्र्याची_बाग

एक विचारू का, आम्ही बंगळुरूला असतो पण आईबाबा नागपूरला. तिथून एक देशी कुत्रा दत्तक घ्यायचा आहे. ट्रेनने आणता येतो का?


बेसारोडकर

येतो. फर्स्ट एसीत किंवा फर्स्ट क्लासमधे अख्खा कूपे किंवा केबिन तुमच्या नावावर मिळाली तर सोबत नेता येतो, पार्सल ऑफिसमधे बुकिंग करावं लागतं, लसीचं कार्ड आणि डॉक्टरांचं फिटनेस सर्टिफिकेट जवळ ठेवा. दुसरा मार्ग गार्डच्या डब्यातला डॉग बॉक्स. तो मार्चपासून जूनपर्यंत अजिबात नको, लोखंडी पेटी, नागपूर ते बल्लारशाह एवढ्यातच कुत्रं भाजून निघेल. शक्य असेल तर पावसाळ्यानंतर या, दोनतीन दिवस राहा, कुत्र्याशी ओळख करा, मग न्या. आणि खरं सांगायचं तर आमची एक अट असते, दुसऱ्या शहरात देताना तिथल्या कोणीतरी ओळखीच्याने घर बघितलेलं हवं, कारण परत आणायची वेळ आली तर हजार किलोमीटरवरून कोण आणणार.

परत आणण्याचा विषय निघाला म्हणून, हल्लीच एक पॉमेरेनियन परत आला. सून गरोदर, घरच्यांना कोणीतरी सांगितलं की कुत्र्याच्या केसाने बाळाला त्रास होतो. आम्ही डॉक्टरांशी बोलणं करून दिलं, जंताचं औषध, लस नियमित असेल तर काही धोका नाही हे समजावलं, पण घरात रोज भांडणं होत होती. घेऊन आलो. ते लोक रडत होते. आमच्यातल्या एका पोराने तिथेच त्यांना सुनावायला सुरुवात केली, मी त्याला बाहेर नेलं. कारण आज त्यांना चार लोकांत लाजवलं तर उद्या दुसरं कोणी परत द्यायला येणारच नाही, ते सरळ रिंग रोडला जातील. परत आलेलं कुत्रं घ्यायचं आणि आभार मानायचे. मला माहीत आहे हे पचायला जड आहे.


जरीपटका_एक्स्प्रेस

हे मले पटत नाही भाऊ. लोकाइले लाज वाटलीच पाहिजे. आपण एवढं गोड बोलू बोलू त्याइले सवय लागली.


बेसारोडकर

रस्त्यावर सोडणाऱ्याला लाज वाटलीच पाहिजे, त्यात दुमत नाही, त्याची गाडी नंबरसकट तक्रार द्या, मी येतो सोबत. पण जो फोन करून "मला जमत नाही, घेऊन जा" म्हणतो तो निदान दार ठोठावतोय. दोघांना एका मापाने मोजलं तर दुसरा पण पहिल्यासारखाच वागेल.


त्रिकोणी_पार्क

बेसारोडकर यांना अनुमोदन. मी परत द्यायच्या उंबरठ्यावर होते तेव्हा मला कोणी लाजवलं असतं तर मी फोनच केला नसता.


निंबोळी

अपडेट देते. काकू आणि मी गच्चीवर गेलो, सोबत कामवाल्या ताई. काकूंनी त्याच्याशी बोलत बोलत साखळी काढून दोरी लावली, पट्ट्याखाली गळ्याला पूर्ण जखम आहे, केस जाऊन ओलं झालंय. सध्या पार्किंगमधे सावलीत आहे, सेक्रेटरींनी चार दिवसांची मुदत दिली. वकिलांच्या मसुद्यावर मालकांनी सही करून फोटो पाठवला, मूळ कागद कुरिअरने येतोय. पशुवैद्य डॉक्टरांनी येऊन बघितलं, मागचे पाय अशक्त आहेत, कमरेच्या सांध्याचा त्रास असू शकतो, एक्स-रे काढायला सांगितलाय. वय पाचच्या आसपास. नसबंदी झालेली नाही.


ओली_माती

निंबोळी, माझं घर दुसऱ्या मजल्यावर आहे, लिफ्ट नाही, नाहीतर मी नेला असता. एक्स-रेला घेऊन जायला गाडी आणि मी दोन्ही आहोत, उद्या सकाळी दहाच्या आत निघू, ऊन व्हायच्या आधी.


बेसारोडकर

मस्त. तर मंडळी, शेफर्डसाठी फॉस्टर हवंय. तळमजला, घरात दुसरा नर कुत्रा नको, दहा वर्षांखालची मुलं नकोत सध्या, कारण त्याचा स्वभाव अजून कळलेला नाही. गुळगुळीत फरशी असेल तर सतरंज्या आम्ही देतो. खाणं, औषधं, डॉक्टर आमच्याकडे, तुम्ही फक्त जागा आणि सकाळ संध्याकाळ फिरवणं. कायमचं घर आम्ही शोधू, घाई करणार नाही, त्यामुळे महिना दोन महिने धरून चाला. शुक्रवारपर्यंत व्यनि करा, शनिवारी घर बघायला येतो.


महालातला

माझ्या मामांचं रेशीमबागेत तळमजल्याचं घर आहे, मोठं अंगण, दोघंच असतात, त्यांचा शेफर्ड दोन वर्षांपूर्वी म्हातारा होऊन गेला. त्यांना विचारलं, हो म्हणाले. व्यनि केलाय.